बोट लागली

रांझीत समुद्र नाही, ही गोष्ट साठी उलटल्यावर मला कुणी टोचून दाखवील असं वाटलं नव्हतं. रांझीत काय आहे ते मी झोपेतही सांगू शकतो. व्हेईकल फॅक्टरी आहे, शेजारी खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, बड़ा पत्थर आहे, गोकलपूरचा तलाव आहे. आणि फॅक्टरीचा भोंगा आहे. या भोंग्यावर आमच्या दोन पिढ्यांनी घड्याळं लावली, भाकऱ्या उलटल्या आणि भांडणं संपवली. जबलपूर समुद्रसपाटीपासून चारशे मीटर उंच. समुद्राने उद्या यायचं ठरवलं तरी त्याला चढ लागेल.

पण माझा भाचा नव्या मुंबईत राहतो आणि त्याने तीन मित्रांबरोबर वर्गणी काढून एक जुनी, २६ फुटी, शिडाची बोट घेतली आहे. चौघांत एक बोट. बोटाला पेरं तीन आणि मालक चार, हा हिशेब मी त्याला फोनवरच घातला होता. तो हसला नाही. त्या महिन्यात शिडाचं बिल आलं होतं.

"मामा, फेब्रुवारीत या. गेटवेवरून निघू, खांदेरीला वळसा घालू, मांडव्याला नांगर टाकू. एका दिवसाचं काम आहे."

मी माहिती काढली. गेटवेवरून मांडव्याला फेरीबोट जाते. तिला एक तास लागतो, आणि त्याच तिकिटात पुढे अलिबागपर्यंत बस मिळते. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो जाते, तिच्यात तर मोटारगाडी घेऊन चढता येतं. म्हणजे जे काम एका तासात होतं त्याला भाचा एक दिवस लावणार होता, आणि त्यासाठी त्याने स्वतःच्या खिशातले पैसे घातले होते. सरकारी फॅक्टरीत ३८ वर्षं काढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये, पण वाटलं. आमच्याकडे निदान खिसा सरकारचा असे.

पाण्याचा अनुभव आम्हा रांझीवाल्यांना अगदीच नाही असं नाही. भेडाघाट आहे. पाहुणा आला की त्याला पंचवटी घाटावर नेऊन नावेत बसवायचं, ही जबलपूरच्या मराठी घरांतली पाद्यपूजा आहे. तिथला नाविक वल्हं मारता मारता तोंडाने यमकांचा पट्टा सोडतो. हा संगमरवर पांढरा, तो गुलाबी, इथे कुठल्या नटीने पाय धुतले, इथे माकडं या कड्यावरून त्या कड्यावर उडी मारत म्हणून ही बंदरकूदनी. श्वास घ्यायला तो थांबत नाही आणि तुम्हालाही थांबू देत नाही. तासाभराने जिथून निघालो तिथेच उतरवतो. नौकानयन म्हणजे हे, अशी माझी समजूत होती : सतत कुणीतरी बोलत असतं आणि कुठेही जायचं नसतं.

समुद्राचा अनुभव असलेला आमच्या गल्लीत एकच माणूस. त्यांनी पायी नर्मदा परिक्रमा केली आहे. परिक्रमेत नदी ओलांडायची नसते, म्हणून मुखापाशी विमलेश्वरकडून मिठीतलाईला खंभातच्या आखातातून होडीने जावं लागतं. त्यांना मी सल्ला विचारला. ते बराच वेळ आठवत बसले आणि म्हणाले, "पोट रिकामं ठेवू नका." मग आणखी आठवून म्हणाले, "भरलेलंही ठेवू नका."

घरात खरा विरोध माझ्या आजीचा झाला असता, पण ती आता नाही. आजोबा रेवसच्या बाजूचे. दुसऱ्या महायुद्धात खमरियात माणसं हवी होती तेव्हा ते आले आणि इथलेच झाले. आजी अधूनमधून तिकडेच माहेरी जायची, मुंबईहून बोटीने. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर आजी कुठल्याच बोटीत चढली नाही. भेडाघाटला पाहुणे नावेत बसले की ती घाटावर चपला सांभाळत बसायची. गुडघाभर पाण्यातही ती नर्मदेला आधी नमस्कार करायची आणि मग पाय टाकायची, आणि तो नमस्कार भक्तीचा नसावा असं मला लहानपणीही वाटायचं.

सौभाग्यवतींनी मात्र विरोध केला नाही. त्यांनी नुसती चौकशी केली. भाचा फोनवर म्हणाला, "मामी, घाबरायचं काय त्यात? आपल्या नेव्हीच्या सहा मुली तारिणी नावाच्या बोटीतून २०१७-१८ मध्ये जगाला फेरी घालून आल्या. शिडाच्याच बोटीतून! त्याच्याआधी दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या म्हादेईतून एकटे जगप्रदक्षिणा करून आले."

"हो," ही म्हणाली, "पण त्यांच्याबरोबर मामा नव्हते."

ठरलं असं की आम्ही दोघं गरीबरथाने मुंबईला जायचं, मी शिडाच्या बोटीने आणि हिने फेरीबोटीने मांडव्याला जायचं, आणि तिथे भेटून एकत्र जेवायचं. दुपारचं जेवण, असं त्या वेळी सगळ्यांच्या मनात होतं.

पहाटे गेटवेवरून एका छोट्या होडीने आम्ही बोटीकडे निघालो. मोठमोठ्या देखण्या बोटी नांगरून पडल्या होत्या. प्रत्येक बोट जवळ आली की मला वाटायचं हीच, आणि होडी तिला ओलांडून पुढे जायची. शेवटी जी उरली ती आमची. भाचा, त्याचा एक भागीदार मित्र, आणि बोटीची देखभाल करणारे एक वयस्कर खलाशी, ज्यांना सगळे तांडेल म्हणत. चौथा मी. बोटीच्या पोटात दोन बाकं, एक शेगडी आणि एक दार. त्या दाराकडे बोट दाखवून भाचा म्हणाला, "मामा, जायचं असेल तर हेड तिकडे."

मी कपडे सारखे केले. ३८ वर्षांची सवय. हेड म्हटलं की सेक्शन हेड, आणि त्याच्या केबिनमध्ये शर्ट बाहेर काढून जायचं नसतं. दार उघडलं तर संडास. आणि तोही साधा नाही. आधी एक कॉक उघडायचा, मग दांडा वरखाली पंधरा वेळा मारायचा, मग खटका फिरवायचा, मग पुन्हा पंधरा वेळा, मग कॉक बंद. कॉक बंद करायला विसरलात तर काय होतं, असं मी विचारलं. "बोट बुडते," भागीदार शांतपणे म्हणाला. अशा अटींवर माणसाला काही होणार कसं? मला संध्याकाळपर्यंत झालं नाही.

बोटीवरचे शब्द हा सगळाच बनाव आहे. आमच्या फॅक्टरीत शीट म्हणजे पत्रा. बोटीत शीट म्हणजे दोरी. मला आधी वाटलं, शीट म्हणजे शीड असेल, निदान अक्षरं तरी जवळची आहेत. तर नाही, शिडाला बांधलेली दोरी. आणि तिला दोरी म्हणायचं नाही. शीड वर चढवायची दोरी म्हणजे हॅलयार्ड, होडी बांधायची दोरी म्हणजे पेंटर. आमचे पेंटर रंगखात्यात असत आणि त्यांना बांधून ठेवणं कुणाला जमलं नाही. पोर्ट म्हणजे बंदर नव्हे, डावी बाजू. "मामा, पोर्टला बघा!" असं भाचा ओरडला की मी मुंबई बंदराकडे बघत असे आणि डावीकडून यायचं ते येऊन जात असे.

तांडेलांचे शब्द बरे. डोलकाठी, शीड, सुकाणू, नांगर. नावातच काम आहे. डोलकाठी खरंच डोलते.

सव्वासातला निघालो. ओहोटी लागली होती आणि जमिनीकडून मंद वारा येत होता. भागीदार म्हणाला, हे मतलई वारे. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे, दुपारी खारे वारे समुद्रावरून जमिनीकडे. आम्ही जबलपुरात भूगोल हिंदीतून शिकलो. तिथे हेच स्थल समीर आणि समुद्र समीर. हे दोघे भाऊ असावेत, एक पहिल्या पाळीत येतो आणि एक दुसऱ्या, अशी माझी शाळेत समजूत होती, आणि आज पन्नास वर्षांनी कळलं की ती बरोबर होती. फक्त पाळी बदलताना मध्ये जो वेळ जातो त्याबद्दल पुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं.

इंजिन बंद झालं आणि शीड फुगलं. त्या क्षणाबद्दल मी विनोद करणार नाही. चाळीस वर्षं ज्याच्या कानात यंत्रांची घरघर आहे त्याला शांततेत पुढे सरकणं म्हणजे काय ते कळायला थोडा वेळ लागतो. पाणी बोटीच्या पोटाला घासून जात होतं, तेवढाच आवाज. उजवीकडे कुलाब्याच्या टोकापलीकडे १८७५ पासून उभा असलेला प्रॉन्ग्जचा दीपस्तंभ दिसत होता. डावीकडे मोठी जहाजं नांगरून स्वस्थ. मी हळूच विचारलं, "किती स्पीडने जातोय?"

"साडेतीन नॉट," भाचा अभिमानाने म्हणाला.

एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. मी मनात गुणाकार केला. साडेसहा. आम्ही सायकलीवर यापेक्षा जोरात फॅक्टरीत जात असू, हँडलला डबा लटकवून, आणि तेही पहिल्या पाळीला, म्हणजे मनाविरुद्ध.

आठ वाजून गेल्यावर मागून फेरीबोट आली. तिच्यामागे पन्नास-साठ सीगल पक्षी, कारण प्रवासी त्यांना कुरकुरे फेकतात. कठड्याशी ही उभी होती. हिने हात हलवला, मी हात हलवला, तेवढ्यात फेरी गेली आणि तिच्या लाटांनी आमची बोट पाच मिनिटं होकारार्थी मान हलवत राहिली. एकही पक्षी आमच्याकडे वळला नाही. कुठे नाश्ता मिळेल आणि कुठे नाही, हे पक्ष्यांना कळतं.

मग भाच्याने सुकाणूचा दांडा माझ्या हातात दिला. शक्तिमान ट्रक, निसान, जोंगा, सगळं मी जुळताना पाहिलं आहे. जोंगा हे नावच मुळी जबलपूरच्या फॅक्टऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलंय. त्यामुळे चालवायची कुठलीही वस्तू मला समजते असं मी धरून चाललो होतो. दांडा डावीकडे ढकलला, बोट उजवीकडे गेली. उजवीकडे ढकलला, बोट काही वेळ विचार करून डावीकडे गेली. सरकारी पत्रव्यवहाराची सवय असल्याने हे मी लवकर आत्मसात केलं. अर्ज ज्या खात्याकडे करायचा त्याच्या विरुद्ध खात्याकडे करायचा आणि उत्तराची वाट बघायची.

"ब्रेक कुठे आहे?"

"ब्रेक नसतो मामा."

"मग थांबायचं कसं?"

"वाऱ्याच्या तोंडावर नेलं की थांबते."

"आणि वारा येतो तिकडेच जायचं असलं तर?"

"तर सरळ जाता येत नाही. तिरकं जायचं, मग वळून परत तिरकं. नागमोडी."

म्हणजे ज्या दिशेला जायचं आहे ती एकच दिशा सोडून बाकी सगळीकडे ही बोट जाते. आमच्याकडे असा ट्रक जुळणी खात्यातून बाहेर पडला असता तर चौकशी समिती बसली असती.

साडेदहाला पहिला समीर घरी गेला.

दुसरा अजून आला नव्हता. शीड लोंबू लागलं. समुद्र तेलासारखा गुळगुळीत झाला, पण आतून लांब लांब उसासे टाकत राहिला. जबलपूरच्या मराठीत आम्ही 'मी येऊन राहिलो', 'पाऊस पडून राहिला' असं म्हणतो. मुंबईचा भागीदार सकाळपासून ते ऐकून गालात हसत होता. आता मी त्याला म्हटलं, "बघ, बोट जाऊन राहिली." त्याला पहिल्यांदा कळलं की या व्याकरणाची कुठेतरी गरज असते. जाते आहे असं म्हणवत नाही, थांबली असंही म्हणवत नाही, जाऊन राहिली.

आणि मग मला बोट लागली. त्याचं वर्णन करत नाही. परिक्रमावाल्यांचा सल्ला मी अर्धाच पाळला होता, पोट रिकामं ठेवलं नव्हतं. तांडेल म्हणाले, जमिनीकडं नजर ठेवा. ठेवली. जमीनही हलत होती.

याच सुमारास फोन वाजला. हिचा.

"बोट लागली का?"

"हो," मी म्हटलं. "दोनदा."

"दोनदा कशी लागेल? मांडव्याला का?"

"इथेच. समुद्रात."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ही म्हणाली की तिची बोट नऊलाच लागली, बसने ती अलिबागला पोचली, पोहे खाल्ले, पांढरे कांदे स्वस्त आहेत, दोन माळा घेऊ का. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ पासून भौगोलिक मानांकन आहे, गोडसर असतो, कच्चा खाता येतो. कांदा हा शब्द त्या घडीला ऐकायचा नव्हता. मी फोन ठेवला आणि बोट तिसऱ्यांदा लागली.

"वारा कधी येणार?" मी तांडेलांना विचारलं.

"येल. वारा काय फॅक्टरीचा भोंगा हाय?"

त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

समोर खांदेरी दिसत होती. बेटावरचा दीपस्तंभ, तटाची रेघ. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी ही बांधायला घेतली तेव्हा इंग्रजांनी आपली जहाजं आणून इथे पहारा ठेवला. मोठी शिडं, मोठ्या तोफा. आणि वारा पडला की ती जहाजं अशीच, आमच्यासारखी, उभी. मराठ्यांची छोटी गलबतं रात्री वल्ही मारत त्यांच्या बाजूने निघून जायची आणि बेटावर सामान उतरवायची. शाळेत हा भाग वाचताना मी अर्थात मराठ्यांच्या बाजूने होतो. आज आयुष्यात पहिल्यांदा मला इंग्रज खलाशांची कणव आली. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात खांदेरी आहे. त्यांच्या समितीने बहुधा इंजिनाच्या बोटीतून पाहिली असावी.

शेवटी भाच्यालाच धीर निघेना. "इंजिन लावू," तो म्हणाला. किल्ली फिरवली. घुर्र घुर्र घुर्र. पुन्हा घुर्र घुर्र. भागीदाराने फोनवर काहीतरी शोधायला सुरुवात केली, पण तिथे सिग्नल एकच काडी. दोघं एकमेकांकडे बघू लागले. दोघंही कॉम्प्युटर इंजिनियर. बंद करून पुन्हा चालू करण्यापलीकडचा उपाय त्यांना शिकवलेला नाही.

मी उठलो. आवाज ऐकला होता. स्टार्टर फिरतोय, इंजिन फिरतंय, पण धूर नाही. डिझेल पोचत नाही.

"एअर लॉक आहे," मी म्हणालो. "दहा नंबरचा पाना आण."

मळमळ कुठे गेली कळलं नाही. छोटंसं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, शक्तिमानच्या इंजिनापुढे तान्हं बाळ. पण बाळाला पोटदुखी तीच. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, पंपाचा हातदांडा मारायला लागलो. डिझेलबरोबर बुडबुडे यायला लागले. मारत राहिलो. बुडबुडे बारीक झाले, मग डिझेलची अखंड धार. स्क्रू आवळला. नोझलचे नट सैल करून एकदा फिरवायला लावलं, पुन्हा आवळले. हाताला डिझेलचा वास, डोक्यावर घाम, वाकून कंबर मोडलेली. निवृत्तीनंतर इतकं बरं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

"आता मार."

घुर्र, घुर्र, आणि धडधडधड. काळा धूर, मग पांढरा, मग नुसतं पाणी मागून थुंकत इंजिन लागलं. त्या आवाजावर मी डोळे मिटले. माझं रांझीतलं घर फॅक्टरीच्या भिंतीला लागून आहे. हा आवाज मला अंगाईसारखा. तांडेलांनी पहिल्यांदाच माझ्याकडे माणसासारखं पाहिलं. बोट पुढे सरकली, नाळेखाली पाणी फाटू लागलं, चार नॉट, साडेचार...

"मामा!" वरून भाच्याची आरोळी. "वारा आला! वारा आला! बंद करा इंजिन!"

चार मिनिटं. मी घड्याळात पाहिलं होतं. चार मिनिटं चाललं.

"अरे पण आता लागलंय ना, राहू दे की..."

"मामा, शीड भरलंय!"

त्याने स्वतः येऊन इंजिन बंद केलं. चालू स्थितीतलं. हातात पाना धरून मी तिथेच बसलो. आमच्याकडे गाडी बंद पडायची तेव्हा दुःख व्हायचं. सुरू झालेली गाडी मुद्दाम बंद करण्याचं दुःख काय असतं ते मला कळलं, आणि ते कुणाला सांगावं तर आजूबाजूला आनंदाने नाचणारी माणसं.

दुसरा समीर मात्र पोरगा जोरकस निघाला. वायव्येकडून आला आणि आल्याबरोबर बोट एका कुशीवर कलली. सगळं सामान एका बाजूला गेलं, त्या सामानात मीही होतो. "हे नॉर्मल आहे," असं भागीदार ओरडून सांगत होता. ज्या गोष्टी ओरडून सांगाव्या लागतात त्या नॉर्मल नसतात. खांदेरीला वळसा घालताना भाच्याने शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घेतलं. शिडाखालचा आडवा दांडा, ज्याला बूम म्हणतात, तो माझ्या टकलावरून सणकन गेला. मी योगायोगाने त्या वेळी डब्यातला लाडू शोधायला वाकलो होतो. बूम हे नाव तो दांडा लागल्यावर येणाऱ्या आवाजावरून पडलं असावं.

पण त्यानंतरचे दोन तास खरे. वारा आडवा, भरती सोबत, बोट पाच नॉटला. मुंबईकडे जायचं असतं तर हाच वारा तोंडावर आला असता आणि नागमोडी करत रात्र झाली असती. मांडव्याकडे मात्र तो अगदी कुशीतून ढकलत होता. अंगावर पाण्याचे शिंतोडे उडत होते. मी लाडू खाल्ला आणि तो राहिला. बेटावरच्या वेताळाला कोळी मानतात, तांडेलांनी बेट मागे पडताना तिकडे हात जोडले. मीही जोडले.

मग जमीन जवळ आली आणि पलीकडे रेवसची बाजू कुठे ते त्यांनी मला दाखवलं. आजीचं माहेर त्या झाडांमागे कुठेतरी. तिच्या बोटीचा रस्ता यापेक्षा वेगळा, आतल्या बाजूचा, पण पाणी तेच. मी खिशातून छोटी बाटली काढली. निघताना ग्वारीघाटावर भरून घेतलेलं नर्मदेचं पाणी, हिने दिलेलं, समुद्रात सोडायला. अमरकंटकहून भडोचच्या पुढे समुद्राला मिळायला नर्मदा १,३१२ किलोमीटर चालते. धबधब्यांवरून पडते, खडकांत अडते, धरणांत थांबते. हे एवढंसं पाणी गरीबरथाने एका रात्रीत आलं. बाटली उलटी केली. वाऱ्याने अर्धं पाणी माझ्याच पँटवर उडवलं.

पुन्हा फोन. "मी मांडव्याच्या जेट्टीवर बसलेय. किल्ला बघून झाला." अलिबागचा कुलाबा किल्ला, ओहोटीला चालत जाता येतं, आज अष्टमी, भांगाची भरती-ओहोटी, त्यामुळे पाणी पुरतं ओसरलं नव्हतं, म्हणून ही घोडागाडीने जाऊन आतल्या गणपतीचं दर्शन घेऊन आली होती. "तुमची बोट दिसतेय मला. पांढरं शीड ना? आलातच की."

"आलोच," मी म्हटलं.

एक तास झाला. मी तिला दिसत होतो, ती मला दिसत होती. दोन वेळा हात हलवून झाले, तिसऱ्यांदा कुणीच हलवला नाही. शीड उतरवलं, नांगर टाकला. नांगर चिखलात धरेना, बोट मागे घसरू लागली. नांगर काढला, पुढे गेलो, पुन्हा टाकला. तेवढ्यात दोन फेऱ्या येऊन माणसं उतरवून माणसं भरून परत गेल्या. सव्वाचारला मी होडीतून जेट्टीवर पाय ठेवला. जेट्टी हलत होती. हिच्या गळ्यात कांद्याच्या दोन माळा नव्हत्या एवढंच, बाकी विजयी वीराचा थाट होता.

"लागली का बोट?" हिने विचारलं.

परत येताना आम्ही दोघं फेरीनेच आलो. भाच्याने आग्रह केला नाही. वरच्या डेकवर खुर्चीत बसून मी पक्ष्यांना कुरकुरे टाकले.

रांझीत परतल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बड़ा पत्थरच्या चहाच्या टपरीवर आमचा निवृत्त कट्टा जमला होता. सगळे फॅक्टरीचे. मी सगळं सांगितलं : शीड, वारा, खांदेरी, एअर लॉक. एअर लॉकपाशी सगळे पुढे सरकून बसले, कुठला फिल्टर, किती बुडबुडे, सगळं विचारून घेतलं. मग पेंट शॉपमधला आमचा जुना मित्र चहाचा घोट घेऊन म्हणाला,

"काय बड़े, टोटल कितना टाइम लगा?"

"नौ घंटे."

"और फेरी से?"

"एक घंटा."

तो बराच वेळ विचार करत राहिला. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, घरात काही वाईट घडलं असेल तर विचारतात तसं, हळूच म्हणाला,

"उस दिन फेरी बंद थी क्या?"